रोझाफाची भिंत

श्रोतेहो, कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की आता वेतन, बोनस आणि संप यांविषयी ऐकावे लागणार असे आपण धरून चालता. त्यात आपला दोष नाही. आम्हीच वर्षानुवर्षे आपणांस ती सवय लावली आहे. आज मात्र आम्ही एका किल्ल्याविषयी बोलणार आहोत. शेवटी गाडी आमच्या नेहमीच्या रुळावर येईलच, कारण किल्ला म्हटला की भिंत आली आणि भिंत म्हटली की ती बांधणारा आला.

बांधकाम कामगारांच्या प्रश्नांवर भरलेल्या एका बैठकीच्या निमित्ताने आम्ही तिघे सहकारी अल्बानिया या लहानशा देशात गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला. राजधानी तिरानापासून उत्तरेस सुमारे १०० किलोमीटरवर श्कोदर नावाचे जुने शहर आहे, त्याच्या शेजारी मोठा तलाव आहे आणि तलावाकाठच्या टेकडीवर रोझाफा नावाचा किल्ला आहे असे समजले. आमचे इंग्रजी सभेपुरते, तिथल्या भाषेचा गंधही नाही. पण गड म्हटल्यावर मराठी माणसाचे पाय आपोआप वळतात, तसे आमचे वळले.

टेकडी आपल्या मानाने लहान. समुद्रसपाटीपासून १३० मीटरच्या आसपास. सिंहगड किंवा पुरंदर चढलेल्या माणसास ती चढण म्हणजे जेवणानंतरची शतपावली. वाट मात्र फसवी आहे. शतकानुशतकांच्या पायांनी चुनखडीचे दगड आरशासारखे गुळगुळीत झाले आहेत आणि उतरताना प्रत्येक पाऊल विचार करून टाकावे लागते. दरवाजातून आत गेले की एकामागे एक अशी तीन आवारे लागतात. पाण्याची टाकी दिसतात. एका मंदिरवजा इमारतीच्या उघड्या भिंती दिसतात. ते मुळात संत स्टीफनचे ख्रिस्ती देऊळ, पुढे तुर्कांची सत्ता आल्यावर त्याची मशीद झाली. त्या पडक्या भिंतींशेजारी मिनाराचा बुंधा अजून उभा आहे. शेवटच्या आवारात व्हेनिसच्या अमदानीतली तीन मजली इमारत आहे, तीत आता संग्रहालय आहे.

तटावर उभे राहिले म्हणजे हा किल्ला येथेच का बांधला ते कोणी सांगावे लागत नाही. वायव्येस श्कोदरचा तलाव पसरलेला असतो. दक्षिण युरोपातला हा सर्वांत मोठा तलाव. उन्हाळ्यात त्याचे क्षेत्र सुमारे ३७० चौरस किलोमीटर असते, तर पावसाळी दिवसांत ते ५०० च्याही वर जाते. त्याचा मोठा भाग शेजारच्या माँटेनेग्रो देशात आहे. तलावाचे पाणी बुना नदीच्या वाटेने टेकडीच्या पायथ्यावरून समुद्राकडे निघते. पूर्वेकडून द्रिन ही मोठी डोंगरी नदी येऊन तिला मिळते आणि कीर नावाची तिसरी लहान नदीही तेथेच येते. म्हणजे समुद्राकडून आत येणारी वाट, तलावाची वाट आणि डोंगराची वाट, या तिन्ही ज्या टेकडीखालून जातात ती ही टेकडी. तिच्यावर जो बसला त्याने जकात घेतली.

या नद्यांचा संसारही सुखाचा नाही. द्रिन पूर्वी वेगळ्या वाटेने समुद्रास मिळत असे. १८५८ च्या सुमारास मोठ्या पुरात तिने वाट बदलली आणि तिचा मोठा प्रवाह श्कोदरजवळ बुनेत घुसला. तेव्हापासून द्रिनला पूर आला की बुनेचे पाणी तुंबते, तलावाला निघण्यास जागा उरत नाही आणि शहराभोवतीचा सखल भाग पाण्याखाली जातो. २०१० साली जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात असे मोठे पूर आले. पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या काठच्या आमच्या बांधवांस ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो. येथे प्रथम इलिरियन लोकांचे ठाणे होते. त्यांचा राजा गेन्थियस याला रोमन सेनापती अनिकियसने इसवी सनापूर्वी १६८ साली येथेच शरण आणले. पुढे बायझंटाइन आले, सर्ब आले, १३९६ साली व्हेनिसचे व्यापारी-राज्यकर्ते आले. आज दिसणारा तट बराचसा व्हेनिस आणि तुर्क यांच्या काळातला आहे. १४७४ साली तुर्की फौजेने वेढा घातला. किल्ल्याने तो परतवला. १४७८ साली खुद्द सुलतान दुसरा महंमद मोठ्या तोफा घेऊन आला. किल्ला तेव्हाही हल्ल्याने पडला नाही. पण जानेवारी १४७९ मध्ये व्हेनिसने तह केला आणि लढणाऱ्यांनी राखलेला किल्ला कागदावर देऊन टाकला. तेथल्याच मारिन बार्लेती या माणसाने या वेढ्याची हकीकत लिहिली, ती १५०४ च्या सुमारास छापली गेली. शेवटचा मोठा वेढा १९१२-१३ सालचा. माँटेनेग्रो आणि सर्बियाच्या फौजांनी सुमारे सहा महिने शहर कोंडले, एप्रिल १९१३ मध्ये ते घेतले आणि बड्या राष्ट्रांच्या दडपणाखाली लगेच सोडलेही.

१४७४ च्या वेढ्यातली एक गोष्ट आमच्या मनात राहिली. त्या वेळी किल्ल्यातील लोकांचे सर्वांत जास्त हाल झाले ते तहानेने. तटावरून पाहावे तिकडे पाणी: तलाव, बुना, द्रिन. आणि आत घसा कोरडा. पाणी दिसणे वेगळे आणि ते आपल्या ताब्यात असणे वेगळे. आमच्या रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गड बांधण्याआधी त्यावर पाणी आहे की नाही ते पाहण्यास सांगितले आहे, ते उगाच नव्हे.

आता या किल्ल्याच्या नावाची कथा. ती सांगण्यासाठीच आम्ही हा विषय निवडला.

तीन भाऊ गवंडी होते. ते या टेकडीवर भिंत बांधीत. दिवसभर जेवढे बांधावे तेवढे रात्री कोसळावे. एक म्हातारा वाटसरू आला. तो म्हणाला, ही भिंत माणूस मागते आहे. उद्या तुमच्यापैकी जिची बायको जेवण घेऊन येईल तिला भिंतीत चिणा, म्हणजे भिंत उभी राहील. मात्र रात्री घरी यातले काही बोलू नका. तिघांनी वचन दिले. अल्बानियन लोकांत दिल्या शब्दाला ‘बेसा’ म्हणतात आणि त्याची प्रतिष्ठा फार मोठी आहे. थोरल्याने रात्री बायकोला सारे सांगितले. मधल्यानेही सांगितले. धाकटा शब्दाला जागला, गप्प राहिला. सकाळी सासूने सुनांना जेवण नेण्यास सांगितले तेव्हा थोरल्या दोघींनी काही ना काही निमित्त काढले. धाकटी रोझाफा पाळण्यातले लेकरू टाकून टोपले घेऊन निघाली.

टेकडीवर तिला खरे कळले तेव्हा ती रडली नाही, असे कथा सांगते. तिने एकच मागणे केले. मला चिणा, पण माझा उजवा स्तन बाहेर ठेवा, म्हणजे लेकराला पाजता येईल. उजवा हात बाहेर ठेवा, म्हणजे त्याला कुरवाळता येईल. उजवा पाय बाहेर ठेवा, म्हणजे पाळणा हलवता येईल. तसे केले आणि भिंत उभी राहिली.

दरवाजाच्या कमानीखाली अजून पांढरट पाणी पाझरते. ज्यांना दूध कमी येते अशा बाळंतिणी ते पाणी अंगाला लावीत, अशी तिथली जुनी रीत आहे. आमच्याबरोबरच्या वाटाड्या बाई सांगत होत्या, “आमच्याकडे ही गोष्ट दिलेल्या शब्दाची म्हणून सांगतात. धाकट्याने शब्द पाळला.” आमच्यातले एक सहकारी पूर्वी स्वतः गवंडीकाम करीत. ते म्हणाले, “बाई, शब्द पाळला खरा, पण किंमत ज्याने पाळला त्याने दिली नाही.” बाई क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, “माझी आजीही हेच म्हणायची.”

ही कथा एकट्या श्कोदरची नाही. वूक कारादझिच या सर्ब संग्राहकाने एकोणिसाव्या शतकात याच किल्ल्याविषयीचे सर्ब लोकगीत छापले. जर्मनीतल्या याकोब ग्रिमला ते अपूर्व वाटले, तर गटेला त्यातला क्रूरपणा सहन झाला नाही. ग्रीस देशात आर्ता गावच्या पुलाविषयी हेच सांगतात. तिथे मुख्य गवंड्याची बायको पुलात जाते. रुमानियात आर्जेशच्या मठाविषयी हेच, मानोले नावाच्या कारागिराची बायको. बाल्कनमधल्या विद्वानांत ही कथा मूळ कोणाची यावर पुष्कळ वाद झाला. १९९६ साली अमेरिकन लोकसाहित्य-अभ्यासक अ‍ॅलन डंडीस यांनी या कथेवरील लेखांचा एक ग्रंथ काढला आणि हे विद्वान भारतातल्या कथा विसरतात याकडे लक्ष वेधले.

भारतातल्या कथा आम्हांस दूर शोधाव्या लागत नाहीत. शेजारच्या कर्नाटकात ‘केरेगे हार’ नावाचे लोकगीत आहे. तळे खोदले, पाणी लागेना. धाकटी सून भागीरथी हिला बळी दिले, तेव्हा तळे भरले. तेथेही धाकटी सूनच. आणि आमच्या घरची कथा पुरंदरची. १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात ती नोंदलेली आहे. बहामनी अमलात पुरंदरचा शेंदऱ्या बुरूज बांधताना तो पुनःपुन्हा ढासळे. बेदरच्या बादशहाला स्वप्न पडले, जोडप्याचा बळी दिल्यावाचून बुरूज टिकणार नाही. काम पाहणारा येसाजी नाईक चिव्हे याला हुकूम झाला. बहिरनाकाचा मुलगा नाथनाक आणि सून देवकाई यांना बुरजाच्या पायात पुरले, बुरूज टिकला, आणि वरिष्ठांना इनामे मिळाली. नाथनाक आणि देवकाई महार होते. पुरंदरवर मुरारबाजीने १६६५ साली देह ठेवला हे शाळेतला मुलगा सांगतो, आणि ते योग्यच आहे. देवकाईचे नाव मात्र आम्हांसही वयाच्या चाळिशीत, एका वाचनालयातल्या जुन्या पुस्तकात प्रथम भेटले.

या कथा इतिहास म्हणून खऱ्या की खोट्या, याचा निकाल देण्याचा आमचा अधिकार नाही. पण एक गोष्ट कोणाच्याही ध्यानात येईल. भिंत माणूस मागते तेव्हा ती कधी सुलतान मागत नाही, व्हेनिसचा सुभेदार मागत नाही, बेदरचा बादशहा मागत नाही. ती धाकटी सून मागते, महाराचे जोडपे मागते. अदृश्य शक्तींनाही समाजातली उतरंड पक्की ठाऊक असते, हे मोठे नवल नव्हे काय?

आता भिंत का पडते ते पाहू. यात गूढ काही नाही. जुन्या काळी चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना करीत, तो पाण्यात विझवीत, वाळू घालून घाणीत मळीत आणि दगडांच्या सांध्यांत भरीत. हा चुना सिमेंटसारखा झटपट धरत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू हळूहळू शोषून पुन्हा दगड होतो आणि त्याला आठवडे नव्हे, महिने आणि वर्षे लागतात. घाईने उंच चढवलेली ओली भिंत स्वतःच्या वजनाने बसते. मागे मातीचा भराव असेल आणि पाणी निघण्यास भोके ठेवली नसतील तर पावसाने भराव फुगतो आणि भिंत पुढे ढकलतो. पाया कातळावर न घेता मुरमावर घेतला तर ओळंब्यात बांधलेली भिंतही चार पावसांत कलते. शिवाय श्कोदरचा मुलूख भूकंपाचा आहे. १९०५ साली आणि १९७९ च्या एप्रिलात त्या भागाला मोठे हादरे बसले. म्हणजे भिंत पाया मागते, वेळ मागते, पाण्याला वाट मागते. माणूस ती मागत नाही.

आणि ते दूध? पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून तोच वायू उचलते, किंचित आंबट होते, सांध्यांतला चुना आणि चुनखडी विरघळवीत खाली येते. कमानीखाली ठिबकताना वायू उडून जातो आणि चुना पांढरा होऊन मागे राहतो. लेण्यांत आणि जुन्या पुलांखाली असे पांढरे ओघळ आपणही पाहिले असतील. हे कळले म्हणून रोझाफाची कथा आम्हांस लहान वाटली नाही. उलट ज्या लोकांनी चुन्याच्या ओघळात आईचे दूध पाहिले त्यांच्या मनात ती बाई किती खोल रुतली असेल, हे कळले.

आता गाडी आमच्या रुळावर घेतो. काही वर्षांपूर्वी एका गावी मोठ्या इमारतीचे काम चालू होते. पावसाळ्याच्या तोंडावर मागची संरक्षक भिंत कोसळली आणि तिच्याखाली एक बिगारी गेला. आम्ही पोहोचलो तेव्हा दुसऱ्या दिवशीचे काम सुरू झाले होते आणि कोपऱ्यात बोकड कापून नारळ फोडलेला होता. आम्ही मुकादमास विचारले. तो काही दुष्ट माणूस नव्हता, डोळे पुसत म्हणाला, “साहेब, जागा कडक आहे. तिला एक पाहिजेच होता.” शेजारी एक म्हातारे मिस्त्री थापी धुवीत बसले होते. मुकादम दूर गेल्यावर ते हळूच म्हणाले, “भाऊ, जागा कसली कडक? भिंतीला पाणी जायला एक भोक ठेवलं नाही. मी बोललो होतो. मला म्हणाले, तू तुझं काम कर.”

ही दोन वाक्ये आम्ही जन्मभर विसरणार नाही. ‘जागेला एक पाहिजेच होता’ असे म्हटले की चौकशी संपते, भरपाई ही दया होते आणि पुढचा बळी आधीच ठरून जातो. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून रेल्वे नेली तेव्हा पटकीने, अपघातांनी आणि हालअपेष्टांनी हजारो मजूर मेले. आज त्या बोगद्यांतून जाताना आपण गार वाऱ्याची झुळूक घेतो. तेथे बादशहाला स्वप्न पडले नव्हते. मजुरांना स्वच्छ पाणी, निवारा आणि औषध पुरेसे मिळाले नव्हते एवढेच.

रोझाफाच्या कथेत आम्हांस आणखी दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी की, जिला माहिती मिळाली ती वाचली, जिला मिळाली नाही ती गेली. थोरल्या दोघी काही अधिक बलवान किंवा अधिक पुण्यवान नव्हत्या. त्यांना आदल्या रात्री कळले होते, एवढाच फरक. कामावरच्या धोक्याची माहिती ज्याच्या अंगावर धोका येणार त्याला आधी मिळाली पाहिजे, ही संघटनेची मागणी त्यामुळेच कोणत्याही मजुरीच्या दराहून लहान नाही. धाकट्याने शब्द पाळला, पण तो दिला होता कोणाला? वाटसरूला आणि भावांना. जिच्या जिवाचा सौदा होता तिला कोणी विचारलेच नव्हते.

दुसरी गोष्ट तिच्या मागण्याची. मरणाच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या बाईने सूड मागितला नाही, दागिना मागितला नाही. तिने लेकराला पाजण्याची सोय मागितली. आमच्या बांधकामांवर आपण कधी गेला असाल तर दोन खांबांना बांधलेली लुगड्याची झोळी पाहिली असेल. डोक्यावरचे घमेले उतरवून, मुकादमाची नजर चुकवून आई त्या झोळीशी वाकते, दोन घोट पाजते आणि पुन्हा परांचीकडे धावते. उजवा स्तन लेकराचा, बाकी सारे अंग भिंतीचे. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी केंद्राने कायदा केला तेव्हा पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कामावर पाळणाघर हवे असे कलम त्यात घातले गेले. ते कलम वाचताना आमच्या मनात आले की रोझाफाचे मागणे शेवटी कागदावर आले खरे. पण पन्नासांचा आकडा टाळण्यासाठी हजेरीपट दोन ठेकेदारांत वाटून लावलेला आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिला आहे. कागदावरचे झोळीपर्यंत न्यावे लागते, आणि ते कोणी वाटसरू येऊन नेत नाही.

संध्याकाळी आम्ही किल्ला उतरलो. संग्रहालयात रोझाफाचे शिल्प पाहिले होते. भिंतीतून अर्धी बाहेर आलेली ती आई पायऱ्या उतरतानाही डोळ्यांपुढून हलेना. तलावावर ऊन उतरले होते. आमचे गवंडी सहकारी कमानीखाली थांबले, त्या ओल्या दगडावर हात ठेवला आणि म्हणाले, “काम चांगलं आहे. पाचशे वर्षं उभं आहे. ज्यांनी बांधलं त्यांना हात जोडले पाहिजेत.” आम्ही जोडले.

श्रोतेहो, या सुट्टीत आपणांपैकी पुष्कळजण गडावर जाल. जरूर जा, मुलांना न्या, लढाया सांगा. पुरंदरला गेलात तर शेंदऱ्या बुरजापाशी थोडे थांबा आणि मुलांना नाथनाक आणि देवकाई ही दोन नावे सांगा. आणि परत येताना आपल्या गल्लीत ज्या इमारतीचे काम चालू असेल तिथे क्षणभर थांबून पाहा, झोळी कुठे बांधली आहे आणि भिंतीला पाणी जाण्यास भोके ठेवली आहेत काय. नसतील तर विचारा. आपण विचारलेत तर त्या म्हातारे मिस्त्रींना ‘तू तुझं काम कर’ असे म्हणणे उद्या जरा अवघड जाईल.